सरांच्या नावावरचं फोल्डर

आर्णीच्या एका कॉलेजात मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून एक लांबट खोली आहे. तिथं दूरशिक्षणाचं केंद्र चालतं. दीपमाला मुनेश्वर त्या केंद्रात कंत्राटावर सहायक आहे. दर अकरा महिन्यांनी कंत्राट संपतं, मधे काही दिवस ती कामावर नाही असं कागदावर दाखवतात, आणि त्या दिवसांतही ती येतेच. कारण केंद्राला फोन नाही. लोकांकडे असतो तो तिचा नंबर.

या केंद्राचे विद्यार्थी म्हणजे अंगणवाडीतल्या मदतनीस, एसटीचे वाहक, होमगार्ड, दहावीनंतर लग्न झालेल्या आणि मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक उघडलेल्या बाया. त्यांचा सगळा अभ्यास विद्यापीठाच्या पोर्टलवर. धडे तिथंच, सूचना तिथंच, आणि स्वाध्याय किंवा प्रकल्प अहवाल लिहून झाला की तोही तिथंच चढवायचा. त्यासाठी हातानं लिहिलेल्या पानांचे फोटो काढायचे, त्यांची एक पीडीएफ करायची, ती ठरलेल्या आकारात बसवायची, तिला नोंदणी क्रमांकाचं नाव द्यायचं, आणि पोर्टल उघडं असेल त्या दिवसांत ती पाठवायची.

सुरुवातीला दीपमालानं दोघीतिघींना हे करून दिलं, मदत म्हणून. मग ती पद्धतच पडली. सगळे आपापल्या पानांचे फोटो तिला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू लागले. आडवे, उलटे, पानाच्या कोपऱ्यावर अंगठा आलेले, एखाद्यात कागदावर हात ठेवून बसलेलं लेकरू. ती ते सरळ करी, क्रम लावी, एकत्र बांधी, केंद्राच्या फोल्डरमध्ये ठेवी आणि पाठवणाऱ्याला एकच शब्द लिही. 'मिळालं.' पोर्टल उघडलं की फोल्डरमधून सगळं एकदम चढवायचं.

तिचा नवरा रवी बसस्टँडजवळ मोटारसायकली दुरुस्त करतो. जेवताना तिचा फोन वाजला की तो म्हणे, "तुही नोकरी हाय का पोस्टाची पेटी?" आधी ती हसायची. पुढं पुढं हसणंही राहून गेलं. सकाळी उठल्यावर तिचा उजवा अंगठा आखडलेला असे. कोमट पाण्यात धरल्याशिवाय वळत नसे.

हे फोल्डर कुठं होतं, तर केंद्राचे प्रमुख देवराव सर यांच्या खात्यावर. लॉकडाऊनमध्ये सगळं घाईनं उभं राहिलं, तेव्हा सरांच्या मेलवर फोल्डर उघडलं आणि दीपमालाला त्यात ठेवण्या-काढण्याची परवानगी दिली. नंतर ते कायमचं तसंच राहिलं. सर मराठी शिकवायचे, स्वभावानं भले, फोनच्या बाबतीत भित्रे. त्यांची निवृत्ती त्या हिवाळ्यातच होती.

डिसेंबरात अंतिम वर्षाचे प्रकल्प अहवाल जमा झाले. दीपमालानं एकेकाच्या मागं लागून ते पोर्टल उघडायच्या आधीच गोळा केले होते, म्हणजे शेवटच्या दिवसांची ओढाताण नको. एका सोमवारी ती केंद्रात आली, संगणक सुरू केला, आणि फोल्डर उघडायला गेली तर फोल्डरच नव्हतं.

तिला वाटलं, नेट गेलं असेल. तिनं संगणक बंद करून पुन्हा लावला. मग फोनवर पाहिलं. तिथंही नव्हतं. तिनं विद्यापीठाच्या तांत्रिक विभागात फोन लावला. तिथला संजय नेहमी नीट बोलायचा.

"फोल्डर तुमच्या नावावर हाय का ताई?"

"नाही. आमच्या सरांच्या."

"मंग त्यायले विचारा. ज्याच्या नावावर हाय त्यानं पुसलं, का सगळ्यायकडून जाते. त्यायच्या कचरापेटीत सापडन. पेटीबी साफ केली असंल तर मग आपल्या हाती काही नाई. आमच्याकडं पोर्टलवर चढलं तेवढंच राह्यते."

देवराव सर अकराच्या सुमारास आले. तिनं विचारलं तेव्हा त्यांनी आधी डोकं हलवलं, मग थांबले. खुर्चीत बसले. भाचीच्या लग्नाला ते नागपूरला गेले होते. फोन सारखा सांगत होता की जागा भरली, फोटो निघेनात. मग त्यांनी जे जे जुनं दिसलं ते पुसलं. जागा तरी होईना, म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

"मले वाटलं, माह्या फोनमधलं पुसून राह्यलो," सर म्हणाले. "केंद्राचं केंद्रात असंल म्हटलं."

दीपमालाच्या फोनमधले मूळ फोटोही नव्हते. तिचा फोन अडकायला लागला की तीही काम झालेले फोटो काढून टाकायची. तिनं टेबलावरची बाटली उचलली, पाणी प्यायली, झाकण लावलं.

सर थोड्या वेळानं हळू आवाजात म्हणाले, "सर्व्हर गेला म्हणून सांगू. सर्व्हर जातात की."

"सर, सर्व्हर गेला म्हटलं तर लोक वाट पाहतील परत यायची. येणार नाही ते. लोकांना आजच पुन्हा पाठवायला सांगावं लागेल."

मग तिनं केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिलं: 'आपल्या केंद्राकडून चुकून प्रकल्पांच्या फाइली पुसल्या गेल्या आहेत. ज्यांच्याकडे फोटो किंवा कागद आहेत त्यांनी कृपया पुन्हा पाठवावे. दिलगीर आहोत.' सरांचं नाव तिनं घातलं नाही. घालावं असं तिला वाटलंही नाही, नाही घातलं म्हणून मोठेपणाही वाटला नाही. फक्त हे लवकर संपावं एवढंच वाटत होतं.

नाव नव्हतं म्हणून सगळ्यांनी ते तिचंच धरलं. फाइली घेणारी ती, 'मिळालं' म्हणणारी ती, तेव्हा हरवणारीही तीच. खेमसिंग नावाचा एक वाहक होता, चांगला माणूस, डेपोतून फोन करून म्हणाला, "म्याडम, आम्ही ड्यूट्या करू करू लिवलं. तुम्ही एका बोटानं उडवलं." तिनं ऐकून घेतलं. सर समोरच बसले होते. त्यांना फोनमधला आवाज ऐकू येत होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

बहुतेकांकडे कागद होते. चारदोन दिवसांत पुन्हा फोटो यायला लागले, पुन्हा आडवे, पुन्हा उलटे. दीपमालानं पुन्हा सरळ केले. एक बबिता राठोड मात्र काहीच पाठवेना, फोनही उचलेना. रविवारी दीपमाला लोणबेहळकडं जाणाऱ्या एसटीत बसली आणि फाट्यावर उतरून तिच्या तांड्यापर्यंत चालत गेली.

बबिता अंगणवाडीत मदतनीस आहे. पदवी झाली तर पुढं वरच्या जागेसाठी अर्ज करता येईल म्हणून शिकत होती. तिचा प्रकल्प होता तांड्यावरच्या जुन्या बाळंतपणांवर. तिची सासू लालीबाई कधीकाळी तांड्याची सुईण होती. दीपमालाला तो अहवाल आठवत होता. मोठं, गोल अक्षर, प्रत्येक मथळ्याखाली दोन रेघा.

बबिता शेतात कापूस वेचत होती. कमरेला ओटी बांधलेली, डोक्यावर नवऱ्याचा जुना शर्ट. दीपमालाला पाहून ती थांबली नाही. म्हणाली, "कायले आल्या ताई एवढ्या दूर."

"फोन उचलत नव्हतीस."

"उचलून काय सांगू? फोटो मीच पुसले. तुमचं 'मिळालं' आलं, म्हटलं झालं. कागद याडीनं, माह्या सासूनं, चूल पेटवाले घेतले. मीच देल्ले." ती पुढच्या झाडाकडं वळली. "मले नाई होत आता पुन्हा लिवणं. पोट्टे अंगणवाडीतून गेल्यावर दुपारी बसून बसून लिवलं होतं. एका खेपेलेच माहा जीव निंगाला."

दीपमाला धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली. तिच्याकडे समजूत घालण्याची वाक्यं होती, बऱ्याच जणांना ती फोनवर सांगून झाली होती. ती तिच्या तोंडाशी आलीच नाहीत.

"मीबी थकली बबिता," ती म्हणाली. तांड्यावर आल्यावर तिची ऑफिसातली भाषा सुटली होती. "तुले समजवाची ताकद नाई माह्यात. एवढंच सांगाले आली, का यात तुही चूक नाई."

बबितानं मागं वळून पाहिलं. "मंग कोनाची हाय?"

"आमची. केंद्राची."

बबिता बराच वेळ वेचत राहिली. दीपमालानंही बसल्या जागेवरून हाताशी येतील ती बोंडं वेचली आणि बबिता जवळ आली तशी तिच्या ओटीत टाकली. उन्हं डोक्यावर आली तशी बबिता म्हणाली, "चाला, जेवून जा."

घरी लालीबाई ओसरीवर तूर पाखडत होती. काय झालं ते बबितानं तिला आपल्या गोरबोलीत, बंजारा भाषेत सांगितलं. म्हातारी हसली नाही, रागावली नाही. सूप बाजूला ठेवून मराठीत म्हणाली, "पुसलं ते पुसलं. मी तं हाव न अजून. बस, इचार."

"आता नाई याडी," बबिता म्हणाली.

"मंग मी मरन तवा इचारशीन?"

बबिता हात धुवून आली आणि भिंतीला टेकून बसली. तिनं वही घेतली नाही, काही विचारलंही नाही. म्हातारीच आपणहून बोलायला लागली. ऊसतोडीला जाताना वाटेत अडलेल्या बाया, साखर कारखान्याच्या रस्त्याला बैलगाडीखाली चादर लावून केलेली बाळंतपणं. बबिताचा नवरा रूपसिंग तसाच झाला होता, आणि नाळ कापायला कोयताच होता, तो आधी विस्तवावर धरला. मग एका पोरीचं सांगितलं, जी तिच्या हातात गेली. त्या पोरीचं नाव तिनं घेतलं आणि सूप पुन्हा जवळ ओढलं.

"याडी, हे मांगच्या खेपेले नाई सांगितलं तू," बबिता म्हणाली.

"तू कुठं इचारलं? तू इधी इचारले. पाचव्या दिवशी काय करतेत, बाराव्या दिवशी काय करतेत. ते सांगितलं."

मग बबिता उठली, मुलाची अर्धी भरलेली वही शोधून आणली आणि मागच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागली. म्हातारी गोरबोलीत सांगत होती, बबिता मराठीत उतरवत होती, अडलं की दोघी त्या शब्दावर वाद घालत होत्या. दीपमालानं चुलीवर चहा ठेवला. चहा झाल्यावर भांडी घासली. दुपारभर तिच्या फोनला रेंज नव्हती. हे तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

संध्याकाळची गाडी गाठायची होती. निघताना तिनं बबिताच्या फोनमध्ये पानांची पीडीएफ कशी करायची ते दाखवलं, एकदा स्वतः करून, एकदा तिच्याकडून करवून.

"तुम्हीच करून टाका न ताई," बबिता म्हणाली.

"नको. तुह्या हातानं पाठव. आणि पावती येईपर्यंत काहीच पुसू नको. कागद तर नाईच."

बबितानं अहवाल पाठवला तो पोर्टल बंद व्हायच्या आदल्या दिवशी. एक पान आडवं होतं. दीपमालाला ते केंद्राच्या लॉगिनमधून दिसलं. तिनं ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर तिनं गटावर लिहिलं की पुढच्या सत्रापासून केंद्र कोणाच्या फाइली घेणार नाही. ज्याची त्यानं चढवायची, आणि ज्याला येत नाही त्यानं रविवारी येऊन शिकायचं. लोक चिडले. काही म्हणाले, आता कामही करत नाही. पहिल्या रविवारी मोजके आले. खेमसिंग आला, रुसूनच बसला, पण शिकला. बाकीचे अजूनही तिला फोटो पाठवत, आणि वयस्कर कोणी असलं की तीही करून देई. थोडं कमी झालं एवढंच. केंद्राचं नवं खातं मात्र तिनं विद्यापीठाच्या मागं लागून काढून घेतलं. ते कोणा एका माणसाच्या नावावर नाही.

जानेवारीअखेर देवराव सर निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. सर भाषणात जुन्या विद्यार्थ्यांबद्दल बोलले, त्या फाइलींबद्दल बोलले नाहीत. पण दुपारी गटावर त्यांचा संदेश आला: 'प्रकल्पांच्या फाइली माझ्या हातून पुसल्या गेल्या होत्या. दीपमालाताईंची त्यात काही चूक नव्हती. आधी सांगायला हवं होतं. क्षमस्व.' त्याच्या खाली लगेच गुलाबांचे गुच्छ, हात जोडलेली चित्रं, 'सेवानिवृत्तीच्या हार्दिक शुभेच्छा' असे संदेश येत गेले. सरांचं लिहिलेलं वर सरकत सरकत दिसेनासं झालं. कोणी वाचलं की नाही, कळलं नाही. दीपमालानं वाचलं. संध्याकाळी सर भेटले तेव्हा तिनं विचारलं, "फोनमध्ये जागा झाली का सर?"

"नाई," सर म्हणाले. "आता काहीच पुसत नाई मी. भीती वाटते."

निकाल उन्हाळ्यात लागला. बबिता पास झाली, गुण बेताचे. परीक्षकांचा शेरा पोर्टलवर होता, 'मांडणी विस्कळीत.' तिचा फोन आला तेव्हा दीपमाला नुकतीच घरी येऊन पंख्याखाली बसली होती.

"ताई, इस्कळीत म्हंजे काय?"

"म्हंजे एका ओळीनं नाई. इथलं तिथं, तिथलं इथं."

"याडी तशीच सांगते," बबिता म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते अर्जाचं कधी निंगते?"

"निंगालं का सांगीन."

रवीनं आतून चहा आणला तेव्हा दीपमाला भिंतीला डोकं टेकून झोपली होती. त्यानं कप खाली ठेवला, तिच्या मांडीवरचा फोन उचलला आणि आवाज बंद करून फळीवर ठेवून दिला.