अक्कानं मागितलेला गूळ

पुतण्याच्या मुलीला डॉक्टरांनी इन्सुलिन सांगितलंय. ती घेत नाही. "आपल्या घराला सुई सोसत नाही" असं ती लहानपणापासून ऐकत आलीय. ते वाक्य मुळात माझं आहे आणि ते खोटं आहे. म्हणून हे लिहितो.

निजामाच्या राज्यातलं आमचं अणदूर. थोरली बहीण, अक्का, मधुमेहानं खंगून सासरहून आली तेव्हा बांगड्या तिच्या कोपरापर्यंत सरकत. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला समजावलं, "खाल्लेल्याची साखर रक्तात येते; इन्सुलिन नसलं तर ती अंगी लागत नाही, रक्तातच फिरत राहते. सुई चुकवायची नाही, आणि सुईनंतर जेवण चुकवायचं नाही." यातलं पहिलंच मी पक्कं धरलं. मी बावीस वर्षांचा होतो. काचेची पिचकारी उकळून सकाळ-संध्याकाळ मीच टोचायचो. इन्सुलिनची बाटली गार राहावी म्हणून ओल्या वाळूतल्या मडक्यात असायची.

चार महिन्यांत अक्का भरली. जात्यावर बसून मला चिडवू लागली, "तम्मा, तुझी बायको येऊ दे. सांगते तिला, ह्याच्या हातात सुई असती, जपून ऱ्हा." तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. त्या हाकेनं मला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तिला सासरी पाठवायची बोलणीही सुरू झाली होती.

श्रावणातल्या एका सोमवारी तिचा कडकडीत उपास होता. मी रोजच्याइतकंच इन्सुलिन टोचलं. दुपारी ती घामानं भिजली, हात कापू लागले.

"तम्मा, गुळाचा खडा दे रे."

"सोमवार मोडतीस व्हय गुळासाठी?" मी हसलो. ती चोरून गूळ खायची, म्हणून तो मी माळ्यावर ठेवला होता.

"लई कसंतरी होतंय. दे की."

"गूळ म्हणजे तुला विष."

तिसऱ्यांदा तिला बोलता आलं नाही. कोसळलीच.

नळदुर्गहून डॉक्टर आले. शिरेतून साखरेचं पाणी गेल्यावर तिनं डोळे उघडले. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "दवा बरोबर होती. पोट रिकामं, म्हणून रक्तातली साखर पार उतरली. शुद्धीत होती तोवर गूळ द्यायचा होता."

बाहेर वडिलांनी विचारलं, "काय झालं रे?"

"सुई बाधली, अप्पा."

अप्पांनी बाटली उकिरड्यावर फेकली.

सुई बंद झाली तशी अक्काची पहिली तहान परत आली. घागरभर पाणी पिऊनही जीभ कोरडी. मी एकटा दिसलो की ती हळूच म्हणायची, "तम्मा, अप्पांना खरं सांग की. मला टोच की रे."

"उद्या सांगतो."

तिनं स्वतः कुणाला सांगितलं नाही. अप्पा मला घराबाहेर काढतील, याची भीती माझ्याइतकीच तिलाही होती. दिवाळीआधी ती गेली.

आता या वयातही सकाळी जाग येते ती मोटार गाठायच्या घाईनं. सोलापूरची पहिली मोटार धरली असती, तर नवी बाटली घेऊन तिच्या संध्याकाळच्या जेवणाआधी परत येता आलं असतं.