बंगई, क्रमांक एकोणीस

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी नागपूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते. रविवारची पुरवणी माझ्याकडे होती आणि तिच्या दुसऱ्या पानाच्या तळाशी दोन कॉलमांची जागा दर आठवड्याला रिकामी राहायची. तिथे मी कमी सामानात राहणाऱ्या माणसांच्या मुलाखती द्यायला लागले. सदराचं नाव 'थोडक्यात गोडी'. संपादकांना नाव आवडलं. मजकूर ते वाचत की नाही, मला कळलं नाही.

माझे सासरे मात्र वाचत.

ते सरकारी कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांच्याकडे कचेरीचा डेडस्टॉक होता. खुर्च्या, टेबलं, पंखे, माठाच्या तिवया, सगळ्यांवर पांढऱ्या रंगानं क्रमांक घालायचा, वस्तू नकोशी झाली की निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, आणि मंजुरी आली की ती दाराबाहेर काढायची. घरी बसल्याला महिना होत नाही तोच ते सीताबर्डीवर जाऊन पांढऱ्या रंगाची डबी आणि एक बारीक ब्रश घेऊन आले.

छापील अक्षराविषयी त्यांना कमालीचा आदर होता. मी जेवताना एखादी गोष्ट सांगितली तर ते "असेल" म्हणत. तीच गोष्ट रविवारी छापून आली की परिपत्रक होई. बंगईवर बसून ते सदर मोठ्यानं वाचत. बंगई म्हणजे समोरच्या खोलीतला सागवानी झोपाळा. सासूबाईंच्या वडिलांनी तो त्यांना दिलेला, पारशिवनीहून बैलगाडीनं आलेला.

पहिली मुलाखत मालगाडीच्या एका गार्डची होती. अजनीच्या क्वार्टरमध्ये त्यांनी मला आपली लोखंडी पेटी उघडून दाखवली. झेंड्या, दिवा, डबा, एक जोडी कपडे, बाकी किरकोळ. "पेटीत मावलं ते माझं," ते म्हणाले, "नाही मावलं ते रेल्वेचं."

सोमवारी आमच्या घरातल्या चारही ट्रंकांवर क्रमांक पडले. बुधवारी त्यांतल्या तीन गेल्या. आतल्या गोधड्या माझ्या पलंगावर आल्या. माझा नवरा भिलाईला नोकरीला असल्यानं पलंगाचा अर्धा भाग सासऱ्यांनी रिकामा धरला होता.

"काहून जी," सासूबाईंनी विचारलं, "पेट्या देल्या त गोधड्या का गार्डाच्या घरी ठेवू?"

"छापून आलं आहे," सासरे म्हणाले.

दुसरी मुलाखत सावनेरकडच्या एका कोळसा खाण कामगाराची. खाणीत उतरताना झडती होते, विडी-काडी वरच ठेवावी लागते. आठ तास खिशात काही नसतं आणि तरी काही अडत नाही, असं त्याचं म्हणणं. त्या आठवड्यात माझ्या पर्सची झडती झाली. क्रमांक नऊ ते बारा माझे होते: दोन पेनं, एक आरसा, एक जुनी घडीची छत्री.

तिसरी एक गोंड म्हातारी. जंगलातून टोपल्या घेऊन आठवडी बाजाराला यायची. तिच्याकडे स्वयंपाकाचं एकच गंज, म्हणजे पातेलं, होतं. दुसरं का नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, "दोन राह्यले त दोन घासा लागते ना, बाई." आमच्याकडची पाच गंजं गेली. उरलेल्या एकात वरण शिजून रिकामं होईपर्यंत भात थांबायचा. सासरे बंगईवर वाट पाहत बसायचे, पण तक्रार करायचे नाहीत. तत्त्वाला ते पक्के होते.

चौथ्या मुलाखतीला मी जरीपटका वस्तीत गेले. एक सिंधी आजी फाळणीत अंगावरच्या कपड्यांनिशी आल्या होत्या, असं कळलं होतं. त्यांच्या खोलीत लोखंडी कपाटंच तीन होती. कमी सामानाविषयी काय वाटतं, विचारलं तर हसल्या. "कम सामान मैंने देख लिया, बेटी. अब मुझे सब चाहिए." मी तसंच छापलं. सासऱ्यांनी पहिला परिच्छेद वाचला, पुरवणीची घडी घातली आणि म्हणाले, "याला अपवाद म्हणतात."

सासूबाईंनी ती पुरवणी मागून घेतली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती गादीखाली ठेवली.

पुढच्या मंगळवारी बंगईच्या फळीवर एकोणीस हा आकडा दिसला. बंगईनं खोलीची अर्धी जागा अडते, असं सासऱ्यांचं मत झालं होतं. कचेरीतले एक जोडीदार त्यांच्या मागोमाग निवृत्त झाले होते, त्यांच्या नव्या घराला ओसरी होती. ते रविवारी अकरा वाजता हातगाडी घेऊन येणार होते. शब्द दिला गेला होता.

सासूबाई ट्रंकांच्या वेळी बोलल्या होत्या, गंजांच्या वेळी तर शेजारपाजारपर्यंत ऐकू गेलं होतं. या वेळी फक्त दुपारी बंगईवर बसायच्या, त्या बसल्या नाहीत. खाली भिंतीला टेकल्या.

गुरुवारी माझी सुट्टी होती. पुरवणीचा मजकूर शुक्रवारी सकाळी जुळणीला जायचा. सासरे वाचनालयात गेल्याचं पाहून त्या माझ्या समोर येऊन बसल्या.

"माही मुलाखत घे वं."

"आई, सदर कमी सामानवाल्यांचं आहे."

"मंग? माह्या एकटीचं या घरात काय आहे, मोज."

मी वही उघडली. बातमीदार मोजल्याशिवाय लिहीत नाही. भांडी घराची. गोधड्या घराच्या. पोथ्या सासऱ्यांच्या. लुगड्यांवर मी अडले.

"थे नाही नेसले त तुह्या सासऱ्याची अब्रू जाईन. थे त्याइच्या नावावर लिही."

असं करत शेवटी वहीत एकच वस्तू उरली. गार्डांच्या पेटीत मी दोन डझन मोजल्या होत्या.

"दुपारी जेवणं झाले का मी तिच्यावर बसतो," त्या म्हणाल्या. "एक घंटा. तेवढ्यात कोणी मले काही मागत नाही. बंगई गेली का खाली बसीन मी, पण खाली बसली का सारे म्हणते, बसलीच आहेस त तांदूळ निवड."

मी लिहून घेतलं. मग त्या जरा पुढे सरकल्या.

"आखरीले हे लिही. वापरणाऱ्याचा अभिप्राय घेतला नाही."

मी पेन थांबवलं. हे शब्द त्यांचे नव्हते.

"अशी काहून पाहतेस? तीस वर्षं जेवताना दुसरं काय आयकलं मी? अभिप्राय नसला का प्रस्ताव वापस येते. हे स्वतः वापस पाठवत."

मी एक शब्दही बदलला नाही. मुलाखत देणाऱ्यांची नावं आम्ही छापत नसू, ती सवय इथेही उपयोगी पडली. मथळा दिला: 'एका वस्तूचा संसार'.

रविवारी साडेदहाला सासरे बंगईवर बसले आणि वाचू लागले. लुगड्यांपर्यंत आवाज ठणठणीत होता. "तांदूळ निवड"पाशी बंगई थांबली. शेवटचं वाक्य त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, दोनदा मनात वाचलं. मग चष्मा काढून फळीवरचा एकोणीस पाहिला. सासूबाई स्वयंपाकघरात गंज घासत होत्या, गरजेपेक्षा बराच वेळ.

अकराला जोडीदार आले. बरोबर हातगाडीवाला.

"प्रस्ताव परत आला," सासरे म्हणाले.

"काहून गा? काय राह्यलं?"

"वापरणाऱ्याचा अभिप्राय."

जोडीदारानं मान डोलावली. दोघांनी आयुष्यभर एकच नियमावली वापरली होती, त्यामुळे पुढे चर्चेची गरज पडली नाही. चहा झाला. निघताना सासूबाई बाहेर आल्या.

"हातगाडी रिकामी काहून नेता, भाऊजी?"

त्यांनी रंगाची डबी आणि ब्रश त्यांच्या हातात ठेवला. सासऱ्यांनी तोंड उघडलं. सासूबाई बंगईवर बसल्या आणि पायानं हलकासा झोका दिला.

"यांचा अभिप्राय मी घेतो मागून," त्या म्हणाल्या.

जोडीदार खूश होऊन गेले. पुढे दीड महिन्यानं संपादकांच्या नावे एक पोस्टकार्ड आलं. बाईचं अक्षर, सही नाही. 'थोडक्यात गोडी' हे सदर ताबडतोब बंद करावं, घरात एकच पाट उरला आहे, त्यावरही पांढरा आकडा पडला आहे, अशी विनंती होती.

पत्र मी छापलं. त्या रविवारी ते सासऱ्यांनी नाही, मी वाचून दाखवलं. सासूबाई बंगईवर होत्या.