उलट्या रेघेचे सर

आमच्या सरांनी बशीतल्या चहात बोट बुडवून टपरीच्या टेबलावर इतकी चिन्हं काढली, की टपरीवाल्याने शेवटी टेबलच काळं रंगवून टाकलं. भंडाऱ्याला आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर आला तेव्हा आम्ही बाकीच्या मास्तरांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सरांनी त्याच्यासाठी नवी भाषाच रचायला घेतली.

भाषा बरी चालली होती. मग एक दिवस विचारलं, अड्याळच्या तलावात पाणी किती? मशीन म्हणालं, चाळीस पोती धान. झालं होतं असं, की एकाने तलावाची आणि दुसऱ्याने लाखांदूरच्या धानाची, अशा दोन्ही कामांना 'मोजणी' हेच नाव दिलं होतं आणि नंतरचीने आधीची गिळली होती. आता गावाचं नाव आधी, कामाचं नंतर आणि मध्ये एक चिन्ह, एवढंच करायचं होतं. त्या एका चिन्हापायी सरांची दोन वर्षं गेली.

"ठिपका घ्या ना सर," मी म्हणायचो.

"मशीनले तो दशांशाचा वाटते गा."

तोवर काम भागावं म्हणून त्यांनी उलटी तिरपी रेघ ठेवली. बोट हमखास सुलट्या रेघेवर पडायचं, ती भागाकाराची, आणि मशीन अड्याळला मोजणीने भागत बसायचं. मी बोंबललो की सर म्हणायचे, "पाहुणी हाय ते. जाईल."

सरांच्या बदलीचा हुकूम आला त्याच आठवड्यात त्यांना ठिपका साधला; मशीन आता त्याला दशांश समजेना. फळ्यावर त्यांनी पापडाएवढा ठिपका काढला. तेवढ्यात लाखांदूरचे बाबू एसटीतून उतरून आले. सरांकडे भाषा शिकून गेलेले, खांद्यावर कागदांचं पोतं. तालुक्यातल्या झाडून साऱ्या तलावांची मोजणी, ओळीओळीत उलटी रेघ.

"मशीन कुठं हाय आमच्याकडं, सर? हातानंच लिवलं दोन वर्षं. आता डोये मिटून येते रेघ."

सर उठले आणि बाहीने ठिपका पुसून टाकला.

"काहून सर?" मी कानात म्हणालो. "चार दिवसांत शिकवू ना बाबूले ठिपका."

"माह्या भरोशावर लिवलं यानं. आता भाषा माही एकट्याची राह्यली नाही."

"काय पुसलं सर?" बाबूंनी विचारलं.

"काई नाई गा, फळा साफ करून राह्यलो," म्हणत सरांनी पोत्यातला पहिला कागद ओढला आणि ते टाइप करायला बसले.