अण्णांच्या दगडांचं नाव शोधायला लोकापूरला

आईनं फर्मान काढलं तेव्हा आम्ही जेवत होतो. "ज्याला नाव हाय तेवढंच वर जाईल. बाकीचं हितंच," ती म्हणाली आणि अण्णांच्या ताटात भाकरी वाढली.

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर. उचगावचं बैठं घर सोडून आई आणि अण्णा आठवड्याभरात कोल्हापुरात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला येणार होते. आणि बाकीचं म्हणजे अण्णांचे दगड. अण्णा म्हणजे माझे वडील; ते बत्तीस वर्षं एका फौंड्रीत कुपोला भट्टीवर होते. या भट्टीत भंगार लोखंड, कोक आणि चुनखडी थराथरानं भरतात. चुनखडीमुळे लोखंडातला मळ सुटून वर येतो. त्या चुनखडीच्या ढिगात अधूनमधून एखादा वेगळाच धोंडा निघायचा, एकात एक बसवलेल्या वाट्यांसारख्या रेघांचा. तो भट्टीत टाकला की मळ घट्ट येतो असं अण्णांचं ठाम मत, म्हणून ते तो बाजूला काढायचे. बाजूला काढलेला धोंडा सायकलला बांधून घरी का आणायचे, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

असे चाळीसेक धोंडे परसात ओळीनं मांडलेले होते. मी लहान असल्यापासून येणारा प्रत्येक पाहुणा त्यांना नवं नाव देऊन जायचा. झाडाचं खोड, कासवाची पाठ, दगड झालेला कोबी. एका मामांनी तर डायनासोरचं अंडं म्हणून एक धोंडा मागूनही पाहिला होता. अण्णा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि पाहुणा गेल्यावर म्हणायचे, "त्याला बी म्हाईत न्हाय."

मी हौशी दगडवेड्यांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. तिथं पुन्हा कोबी, पुन्हा अंडं. फक्त बागलकोटला भूशास्त्र शिकवणाऱ्या शिल्पानं विचारलं, "दगड कुठून आला?" अण्णांनी माझ्या खांद्यावरून वाचून लगेच उत्तर दिलं, "लोकापूरचा माल." तिचा मेसेज आला, "मग इकडंच या. रविवारी खाण बंद असते, मी परवानगी काढते."

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. आमची छोटी गाडी, मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळलेले चार धोंडे, त्यांना सीटबेल्ट. अण्णांना लावायला सांगितला तर म्हणाले, "मी काय पडतोय व्हय?"

रस्ता सोपा आहे: कागल, निपाणी, मग हायवे सोडून चिकोडी, महालिंगपूर, मुधोळ, लोकापूर. दीडशे किलोमीटरच्या आसपास, थांबत गेलात तर चार तास. निपाणीच्या पुढं ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागं अडकायची तयारी ठेवा. दोन-दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही आणि पुढं मोठ्यांदा गाणी. टोलसाठी सुट्टे जवळ असू द्या. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नका, खाणींत पाणी भरतं.

महालिंगपूरला चहाला थांबलो. गिरमिट, म्हणजे तिकडची चुरमुऱ्यांची ओली भेळ, सोबत मिरची भजी, दोघांत मिळून शंभरच्या आत. गिरमिटात कांदा, आणि आम्ही जैन. म्हणजे अण्णा जैन, मी रविवारी सवलत घेते. त्यांनी कानडीत बिनकांद्याची मागणी केली आणि हॉटेलवाला एकदम पाघळून 'यजमानरे', म्हणजे मालक, म्हणू लागला.

"यजमानरे, कोल्हापूरचं पावणं व्हय? गाडीतल्या पोत्यात काय?"

"दगड."

"कुठं चाललाय घेऊन?"

"लोकापूरला."

त्यानं भज्यांचा झारा खाली ठेवला. "लोकापुरात दगड कमी पडलं काय हो?"

अख्खं हॉटेल हसलं. अण्णाही हसले. पण मुधोळ आलं तेव्हा गाडीत म्हणाले, "नुसताच दगड निघाला तर तुझ्या आईला काय सांगू नगंस. मीच सांगीन." आयुष्यभर भट्टीच्या तोंडाशी उभा राहिलेला हा माणूस एका प्राध्यापिकेच्या उत्तराला घाबरला होता. मला गंमत वाटायला हवी होती, पण मी गाडीचा वेग कमी केला.

शिल्पा फाट्यावरच भेटली. तिशीची, डोक्यावर टोपी, हातात हातोडी. शिक्षण कोल्हापुरात झालेलं, त्यामुळे मराठी झकास. जाणार असाल तर बंद बूट घाला, टोपी न्या, आणि परवानगीशिवाय कुणाच्या खाणीत शिरू नका.

खाण म्हणजे जमिनीत कापलेला मोठा चौकोन. उतरताना अण्णांनी एक धोंडा छातीशी धरलेला. मी घेऊ का विचारलं तर मानेनंच नको म्हणाले. तळाशी पोचल्यावर शिल्पानं समोरच्या भिंतीकडं बोट केलं, आणि अण्णा थांबले.

भिंतभर तेच होतं. ओळीच्या ओळी, टम्म फुगलेल्या पुऱ्या शेजारी शेजारी ठेवाव्यात तसे उंचवटे, प्रत्येकात रेघांवर रेघा. अण्णांनी भिंत बघितली, हातातला धोंडा बघितला. मग हळूच तो फिरवून खालची बाजू वर केली.

"आरं... मी उलटा धरत आलो की."

खरंच. परसातले सगळे धोंडे उलटे होते! आम्ही ज्यांना वाट्या समजत होतो ते घुमट होते. ग्रुपवरचे फोटोही उलटेच.

शिल्पानं सांगितलं ते माझ्या भाषेत असं: इथं उथळ समुद्र होता. तळाशी डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचे बुळबुळीत थर पसरलेले. वर गाळ बसला की ते उजेडासाठी त्यातून वर सरकायचे, पुन्हा गाळ, पुन्हा वर. त्या चढण्याच्या या रेघा. नाव स्ट्रोमॅटोलाइट. शंभर कोटी वर्षांहून जुने, माशांच्या, शिंपल्यांच्या कितीतरी आधीचे.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. अण्णांनी विचारलं, "म्हंजे जीव हुता?"

"हो काका."

"किती इंद्रियांचा?"

शिल्पा गोंधळली. आमच्याकडं जिवांची गणती इंद्रियांवरून होते, सगळ्यात खालच्याला फक्त स्पर्श, असं मी सांगितलं. तिनं थट्टेवारी नेलं नाही. "मग एकच धरा," ती म्हणाली.

अण्णांनी पायाखालचा साधा करडा खडक दाखवला. "आन् ह्यो? बिनरेघांचा?"

"यातला बराचसा त्यांच्यामुळंच साचला असेल. रेघा पुसल्या गेल्या."

अण्णा एका दगडावर बसले. "बत्तीस वर्षं ह्योच जाळला की मी."

मला राग आला. एवढ्या लांब येऊन, नाव मिळवून, हा माणूस पाप मोजत बसणार! "अण्णा, दगड होता तो," मी जरा जोरातच म्हणाले.

शिल्पा त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "काका, हवेतला प्राणवायू आधी अशाच जिवांनी सोडला. आपण घेतो तो श्वास त्यांच्यापासून सुरू झाला."

अण्णांनी हातातला धोंडा मांडीवर ठेवला. "म्हंजे भट्टीत दगड बी त्यांचाच, आन् भट्टी फुलवायच्या ब्लोअरचं वारं बी त्यांचंच?"

"लोखंडसुद्धा. बरंचसं खनिज त्या प्राणवायूमुळंच समुद्रात साचलं."

"मग मी काय केलं?" अण्णांनी गंभीरपणे विचारलं. शिल्पा हसली. मग मी, आणि शेवटी अण्णाही.

लोकापुरात जेवलो. ज्वारीची पातळ भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही; माणशी शंभरच्या आतबाहेर. वांग्यात कांदा होता, तेव्हा अण्णांनी दही-भाकरी खाल्ली आणि शिल्पाच्या ताटात मात्र आग्रह करकरून वाढायला लावलं. दिवस मावळायच्या आत अण्णांना जेवायचं असतं, म्हणून दोनलाच परत फिरलो.

घरी पोचल्यावर पाणीसुद्धा न पिता अण्णा परसात गेले आणि एकेक धोंडा सुलटा केला. आई दारात उभी. मी थाटात नाव सांगितलं.

"सगळ्यांचं एकच?"

"हो."

"मग एकच न्या."

भांडायला मी तोंड उघडलं होतं, पण अण्णा "बरं" म्हणाले. पुढच्या दोन दिवसांत गावातल्या शाळेनं धोंडे आनंदानं घेतले. कुठली खाण, कुठली बाजू वर, सगळं मी कार्डावर लिहून दिलं. एक ठेवायचा, तो कुठला, हे अण्णा सांगेनात.

सामान हलवायच्या दिवशी ते जिन्यानं वर आले तेव्हा हातात रेघावाला धोंडा नव्हताच. मुठीत मावेल असा करडा, बिनरेघांचा तुकडा होता. खाणीतून खिशात घालून आणलेला. मला पत्ताही नव्हता.

"ह्यो कुठला?" आईनं विचारलं. "ह्याला काय नाव?"

"न्हाय नाव. ती चाळीस वाचली हुती," अण्णा म्हणाले. "ह्यो भट्टीत जाणाऱ्यातला हाय."

आईनं त्यांच्याकडं बघितलं. मग खिडकीतल्या फळीवरचे डबे सरकवून तिनं जागा केली आणि म्हणाली, "उजेडात ठेवा."