गाडीला न मिळालेलं नाव

शिकलो आईबाबांमुळे, पण मोटार कंपनीच्या फाटकातून आत गेलो ते मनोहरभाऊंमुळे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात मुलाखती घ्यायला ते पुण्याहून आले होते. माझं इंग्रजी दोन वाक्यांत संपलं. त्यांनी फाइल मिटली आणि विचारलं, "कुठचा रे तू?" दर्यापूर म्हटल्यावर म्हणाले, "मंग मराठीत सांग ना बा, घाबरतं काहून?" आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. नेमणुकीच्या पत्राला बाबांनी काचेची फ्रेम करून घेतली.

भाऊ मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले. इतकी वर्षं पुण्यात काढूनही त्यांचं 'मले-तुले' सुटलं नव्हतं. कंपनीच्या महागड्या गाड्या बाजारात येण्याआधी तीन-चार वर्षं गुपचूप तयार होत. त्या विभागाचे ते प्रमुख. कोटीभर किमतीच्या गाडीला ते 'गोऱ्हा' म्हणत. "गोऱ्ह्यावर झूल टाकली का?" म्हणजे गाडी झाकली का.

मे महिन्यात तो गोऱ्हा आम्ही अकोल्याला न्यायचो. एसी किती तग धरतो ते बघायला तिथल्यासारखं ऊन दुसरीकडे नाही. आकार ओळखू येऊ नये म्हणून गाडीला अंगभर काळे-पांढरे पट्टे चिकटवलेले असत. एका फेरीत चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने विचारलं, "कोन्ती गाडी होय हे?"

"नवरदेवाची आहे, बुढेबुवा. सजवून राहिलो अजून," भाऊ म्हणाले.

"सजवून राहिले का लपवून राहिले?"

सगळ्यात मोठ्याने भाऊच हसले.

नावाच्या बाबतीत मात्र ते कधी हसत नसत. त्याच फेरीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिलारा. नाव ठरलं गाडीचं. मायलेबी सांगू नको." आईने दोनदा विचारलं, तरी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ बहिणीकडे जेवायला गेले. गल्लीत गाडी जाईना, म्हणून मी मोर्णा नदीच्या अलीकडे राखणीला थांबलो. ताईंनी माझ्यासाठी डबा पाठवला.

पंधरा दिवसांनी 'सिलारा' हे नाव इंटरनेटवर झळकलं. चौकशीत कळलं, भाऊंनी आम्हा प्रत्येकाला वेगळं नाव सांगितलं होतं, सगळीच खोटी. फुटलंच तर कोणाकडून फुटलं ते समजावं म्हणून. 'सिलारा' एकट्या माझ्या वाट्याचं होतं. मी शपथ घेऊन नाही म्हणालो. भाऊ पेनाचं टोपण काढत-लावत बसले होते. मग चौकशी करणाऱ्या साहेबांना म्हणाले, "पोरगा गरिबाघरचा आहे. होते चूक. नोकरी राहू द्या."

नोकरी राहिली. मला सुट्या भागांच्या गोदामात पाठवलं. बाहेर आल्यावर मी भाऊंच्या पाया पडलो. त्यांनी मला उठवलं, पाठीवर हात ठेवला.

बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "भाऊ कायले खोटं बोलतीन? तूच कुठी बोलला असशीन." दोन वर्षं मीही स्वतःलाच तपासत राहिलो. बसमध्ये बोललो असेन का? झोपेत बरळलो असेन का?

यंदा दिवाळीत अकोल्याला काम निघालं, म्हणून ताईंना भेटायला गेलो. चिवड्याची बशी पुढे करत त्या म्हणाल्या, "गाडीचं नाव बदलवलं का रे? भाऊनं तं मले सिलारा सांगतलं होतं. मीच मागं लागली, सख्ख्या बहिणीलेबी नाही सांगत का म्हणून. आमच्या पोरानं तवाच मोबाइलवर टाकून देलं!"

खरं नाव सांगता येत नव्हतं आणि बहिणीचं मन मोडवत नव्हतं. म्हणून भाऊंनी खोट्या नावांतलं एक सांगितलं होतं, नेमकं माझं. ताई हसत होत्या. त्यांना बिचाऱ्यांना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. मी चिवडा संपवला आणि दर्यापूरला येऊन पत्र लिहिलं.

"आदरणीय भाऊ, सा. न.

ताईंकडे जाऊन आलो. गाडीचं नाव त्यांना कोणी सांगितलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांना मी काही बोललो नाही. कंपनीतही बोलणार नाही. मला नोकरी तुम्ही दिलीत, हे मी विसरलेलो नाही. मी पाया पडलो तेव्हा तुम्ही मला उठवलंत, तेही विसरता येत नाही.

साहेबांना काही कळवू नका. फक्त एकदा दर्यापूरला या आणि माझ्या बाबांना खरं काय ते सांगा. माझ्या तोंडून त्यांना ते पटणार नाही. त्यांचा विश्वास अजून तुमच्यावरच आहे."