दरेकसाच्या टेकडीवर नाव कापलेली गारी

आत्याचा फोन आला तेव्हा मी अर्जुनी मोरगावात अंगणात धान वाळवत होते. "विमल, मंगळवारी माझा आवाज रेडिओत येऊन राहिला. तू ये." एवढं बोलून ठेवला. कुठल्या गाडीनं, किती दिवस, काही नाही. आमच्या माहेरात असंच बोलतात. मी धान जावेच्या हवाली केलं आणि निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. अर्जुनीवरून गोंदियाला पॅसेंजरनं जा, एसटीनं कंबर मोडते. गोंदियात गाडी बदलायची. दरेकसाला मोजक्याच गाड्या थांबतात, म्हणून आधी नीट विचारून घ्या. मी विचारलं तर खिडकीतला म्हणे, "बोर्ड देखो बहनजी." बोर्ड बंद पडलेला. फलाटावर समोसेवाला "दीदी, दो मिनट में गरम" करत राहिला, गाडी आली तरी त्याचे दोन मिनट संपेनात. थंडे समोसे घेऊन चढले. तिकीट मात्र स्वस्त, समोशांनाच जास्त पैसे गेले.

सालेकसा गेलं की डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. खिडकीशी बसा, छान आहे. दरेकसाला उतरल्यावर ऑटो मिळाला तर नशीब. मला नाही मिळाला. आत्याचा टोला, म्हणजे वस्ती, नाल्यापलीकडे, आणि नाल्यावर रपटा, म्हणजे साधा ठेंगणा पूलही नाही. चपला हातात, लुगडं गुडघ्यावर, असं जावं लागतं. हे थंडीतलं सांगते. पावसाळ्यात नालाच ठरवतो कोण जाणार ते. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला खाटेवर टाकून नेत होते, ती मधल्या दगडावरच बाळंत झाली. मायलेकी वाचल्या. कोणाच्या पुण्याईनं माहीत नाही, सरपंचाच्या तर नाहीच.

रात्री जेवताना आत्यानं बेत सांगितला. रेडिओवाल्यांची दोन पोरं आली होती, आमच्या पोवार समाजाच्या लग्नातल्या गाऱ्या टेप करायला. बाहेरच्यांना सांगते, लग्नात बाया व्याह्यांची नावं घेऊन गाण्यातून शिव्या देतात, त्याला गारी म्हणतात. कोणी रागवत नाही. उलट ज्याचं नाव घेतलं नाही तो मामा रुसून बसतो. पण ज्याचं नाव घेतलं त्याला गाणाऱ्या बाईला नेंग द्यावाच लागतो, ती मागेल ती भेट. अन् नेंग तिनं घेईपर्यंत गारी थांबत नाही.

"मंग मी सरपंचाचंच नाव टाकलं," आत्या म्हणाली. "धनलालचं. साऱ्या जिल्ह्यात ऐकू जाईन. नेंगात मी रपटा मांगतो. पाहू कसा नाही म्हणते."

सत्तरीच्या बाईचं डोकं पाहा. ग्रामसभेत ओरडून जे झालं नाही ते ती गाण्यातून वसूल करायला निघाली होती.

कार्यक्रम संध्याकाळी होता, म्हणून सकाळी कचारगडला जाऊन आले. गोंड समाजाच्या देवाचं मोठं ठाणं आहे, माघातल्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते, एरवी शांत. चढ बरा आहे, पाणी सोबत न्या. गुहा एवढी मोठी की आत आपलं तोंड आपोआप बंद होतं. माझंही झालं, म्हणजे समजून घ्या. फक्त तिथं कुरकुऱ्याच्या पुड्या टाकणाऱ्यांना कोणी आवरा. त्यांच्या घरच्या देवघरात टाकतात का?

आता रेडिओचं ऐका. टोल्यात तो लागतच नाही, खरखरतो. फोनवर लावाल तर टॉवर नाही. म्हणून सारे टेकडीवरच्या महादेवाच्या ओट्यावर चढलो. बरं, चालू रेडिओ गावात एकच, आणि तो धनलाल सरपंचाचा! तो स्वतः काखेत घेऊन आला, मिशीला पीळ देऊन. "आपल्या गावाचं नाव येऊन राहिलं, आत्याबाई!" आत्या गालात हसली.

कार्यक्रम सुरू झाला. निवेदिका मध लावल्यासारखी बोलत होती. पोवार माळव्यातून कसे आले, कधी आले, कोणत्या राजाच्या फौजेत होते, सगळं सांगितलं. माळवा झाला, धार झाली, नर्मदा झाली. इथला नाला काही येईना. मग म्हणाली, "ऐकूया एक लोप पावलेला ठेवा."

आत्या फटकन बोलली, "कोण लोप पावलं? मी तं इथंच बसून आहो!"

मग तिचा आवाज आला. खणखणीत. बाया एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"मिशीले लावते तूप, टुंग, मिशीले लावते तूप,
नाला पाहून बसते टुंग, मांजरावानी चूप..."

नावाच्या जागी घंटी! दोन्ही वेळा! आत्याचं तोंड एवढंसं झालं. माझं डोकं फिरलं. अरे बाबांनो, तुम्हाला संस्कृती पाहिजे, इतिहास पाहिजे, आणि आज जो माणूस काम करत नाही त्याचं नाव नको? नाव काढल्यावर गारीत उरलं काय? नेंग मागायचा कोणाला, घंटीला?

धनलाल खुशीत मान डोलावत होता. "कोणाले म्हणते हो हे?"

गाण्याचं दुसरं कडवं आलं, तेच धृपद. "मिशीले लावते तूप," टुंग वाजली, आणि ओट्यावरच्या साऱ्या बाया एका दमात ओरडल्या, "धनलाल!"

पुढच्या टुंगला त्या दगडावरच्या बाळंतिणीचा आवाज सगळ्यात वर होता. पोर तिच्या मांडीवर होती, ती दचकून रडू लागली.

धनलालचा हात मिशीवरून खाली आला. पण रीत त्यालाही माहीत. सगळ्यांसमोर त्यानं खिशातून पाचशेची नोट काढली. "घ्या आत्याबाई, नेंग."

"नोट कायले? मले रपटा पाह्यजे."

"निधी आला का करतो ना."

"मंग निधी येतवरी मी गातो," आत्या म्हणाली, आणि रेडिओ चालू असतानाच तिनं पहिल्यापासून सुरू केलं. नावासकट. धनलाल रेडिओ तिथंच सोडून उतरला.

दुसऱ्या दिवशी नाला तसाच ओलांडून परत आले. अर्जुनीत जावेनं धान अर्धं चिमण्यांना खाऊ घातलं होतं. रेडिओवर माझा अजून राग आहे, आणि कार्यक्रम छान झाला म्हणणाऱ्यांवरही. जायचं असेल तर कचारगड जरूर पाहा, फक्त पावसाळ्याआधी जा.

काल आत्याला फोन केला. विचारलं, रपट्याचं काय? तिनं फोन नुसता दाराबाहेर धरला. बोरिंगवर बाया पाणी भरत होत्या, गारी चालू होती.