दाराबाहेर

कुजक्या कांद्याचा वास आला की मी अजून दचकते. चांदवडला मामाकडे, कांदे साठवायच्या चाळीशेजारी रिकाम्या गोण्या ठेवायची अंधारी खोली होती. मी आठवीत असेन. एका दुपारी छोट्या मामेबहिणीला तिथे दारातल्या उजेडात बसवून भुताची गोष्ट वाचून दाखवली आणि अगदी गोष्टीतल्यासारखी बाहेरून कडी लावली. ती किंचाळली. मला हसू फुटलं, आणि ते हसू ऐकून मीच गार पडले. तरी हात कडीकडे जाईना. मग पत्र्याच्या दाराखालून तिची बोटं बाहेर आली, माझा पाय शोधू लागली. “ताई, भूत भाईर असंल! तू बी आत ये ना!” आजही भयकथेत दार वाजलं की बाहेर कोण उभं आहे, ते मला आधीच ठाऊक असतं.